सोन्या, मामाची बदली झालीच नव्हती

प्रिय सोन्या,

परवा फोनवर आपलं त्या सॅबाथियावरून, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क यांकीज टीमच्या त्या बेसबॉल खेळाडूवरून, वाजलं आणि तू "आई, तुला बेसबॉलमधलं काय कळतंय" म्हणून विषय बंद केलास. खरंय तुझं, मला बेसबॉलमधलं काही कळत नाही. पण दारूतलं कळतं, तुला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त कळतं, आणि ते का कळतं हे मी तुला कधी सांगितलं नाही ही माझी चूक. म्हणून हे लिहायला बसलेय. फोनवर बोलले असते तर मध्येच रडले असते आणि तू "जाऊदे ना आई" म्हणून ठेवून दिला असतास.

तू म्हणालास, त्याला २०२५ च्या जुलैत हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं, सगळे कौतुक करतायत, आणि कोणी हे बोलत नाही की २०१५ ला बाद फेरीच्या मॅचच्या आदल्या दिवशी हा माणूस टीमला सोडून रिहॅबमध्ये, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन बसला. ७ वर्षांचे १६ कोटी १० लाख डॉलर असा करार मिळालेला माणूस. आणि मग तू ते वाक्य बोललास, गरिबाने प्यायली की बेवडा आणि श्रीमंताने प्यायली की आजार. ते वाक्य मला लागलं. कारण त्यातलं अर्धं खरंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी मी माझा भाऊ जवळजवळ घालवला होता.

हो, मामाबद्दल बोलतेय. त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, सांग त्याला, मोठा झालाय आता.

तू तिसरीत होतास तेव्हा मामा काही महिने दिसला नाही आणि मी तुला सांगितलं होतं की त्याची बदली झालीय. तू त्याला पत्र पण लिहिलं होतंस, नवीन ऑफिसला खिडकी आहे का म्हणून. बदली वगैरे काही नव्हती रे. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. आणि ही माझी त्याच्यासाठीची पहिली थाप नव्हती, त्याच्या आधी सहा-सात वर्षं मी त्याच्या ऑफिसात फोन करून त्याला ताप आलाय, पाय मुरगळलाय, पोट बिघडलंय असं सांगत होते, त्याचं उधार चुकवत होते आणि मामीला म्हणत होते की सांभाळून घे, मनाने चांगला आहे.

एक सकाळ मी विसरूच शकत नाही. त्याला कसल्यातरी मीटिंगला जायचं होतं, आरशासमोर उभा राहून शर्टाचं वरचं बटण लावत होता आणि ते लागेच ना. बोटं इतकी थरथरत होती की बटण काजाच्या बाजूने नुसतं घसरायचं. मला म्हणाला ताई जरा लावून दे ना, आणि मी एक-एक करत सगळी बटणं लावून दिली, लहानपणी शाळेत जाताना द्यायचे तशी. मग तो बाथरूममध्ये गेला, पाच मिनिटांनी आला, आणि बाहीची बटणं त्याने स्वतः लावली. हात एकदम स्थिर. मला सगळं कळलं होतं, फ्लशच्या टाकीत बाटली आहे हेही माहीत होतं. मी काय बोलले माहितीये? उशीर होतोय, नीघ.

आता सॅबाथियाकडे येते. तुझ्याशी भांडण झाल्यावर मी त्याच्याबद्दल बरंच वाचून काढलं. एक गोष्ट वाचून अंगावर काटा आला. त्यांच्यात म्हणे पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दर पाचव्या दिवशी उतरतो, मधले दिवस मोकळे. तर हा त्या मोकळ्या दिवसांत प्यायचा आणि आपली पाळी जवळ आली की थांबायचा, परत बॉल टाकून झाला की सुरू. हे त्याने स्वतः सांगितलंय. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? धट्टाकट्टा माणूस, बॉल टाकतोय, मॅच जिंकतोय. आणि त्याला स्वतःला काय वाटत असणार? की मी थांबवू शकतो, हे काय, थांबवतोच की. मामापण हेच म्हणायचा, गुरुवार-शुक्रवार तर मी शिवत पण नाही. मग फक्त शुक्रवार राहिला. मग तोही राहिला नाही.

पैशाचं तुझं जे म्हणणं आहे ना, की इतका पैसा असताना कसलं आलंय दुःख, ते मला उलटं वाटतं. पैसा दारूपासून वाचवत नाही, पैसा फक्त शेवट लांबवतो. ज्याच्याकडे काही नसतं त्याला कुठेतरी आपटावं लागतं, नोकरी जाते, भाडं थकतं, बायको मुलांना घेऊन जाते, आणि त्या आपटण्यात कधीकधी डोळे उघडतात (कधीकधी उघडत नाहीत, ते पण मी पाहिलंय). पण श्रीमंत खेळाडूच्या आजूबाजूला जो तो त्याच्या पैशावर किंवा त्याच्या खेळावर जगत असतो. ड्रायव्हर गाडीतून घरी पोचवतो, एजंट बातमी दाबतो, मित्र बिल भरायला त्याच्याकडेच बघतात आणि टीमला तो मैदानात हवा असतो. नाही म्हणणारं माणूसच उरत नाही. सगळेच माझ्यासारखे, बटणं लावून देणारे. मी फुकटात करत होते, ते पगार घेऊन करतात, एवढाच फरक.

म्हणून सॅबाथियाने जे केलं ते मला पळून जाणं वाटत नाही. त्याला लपवायला सगळं जग तयार होतं ना, अजून एक आठवडा कोणालाही कळलं नसतं. शेवटच्या मॅचेसना बाल्टिमोरला टीमबरोबर असतानाही तो पीतच होता, आणि तिथूनच त्याने मॅनेजरला स्वतः जाऊन सांगितलं की मला मदत हवीय. ५ ऑक्टोबरला जाहीर केलं, ६ ला मॅच होती, टीम हरली ती ३-० ने. चाहत्यांना राग आला असेल, येणारच, तुझाही राग मला समजतो. पण त्या अवस्थेत तो टीमला काय देणार होता? आणि परत आल्यावर तो ४ वर्षं खेळला, २०१९ ला थांबला. त्याचे ते २५१ विजय आणि ३०९३ स्ट्राइकआउट मला कळत नाहीत, पण ते एक वाक्य, "मला मदत हवीय", ते तोंडातून निघायला काय लागतं हे मला माहितीये, कारण माझ्या भावाच्या तोंडातून ते यायला नऊ वर्षं लागली.

आणि "मनावर घेतलं की सुटते" असं तू जे म्हणालास ना, ते तर कधीच कोणाला म्हणू नकोस. आम्ही तेच केलं होतं. मामीने आणि मी ठरवलं की पुरे झालं, आणि त्याला त्याच्याच खोलीत ठेवलं, बाटल्या सगळ्या ओतून दिल्या, तोही हो म्हणाला होता, त्याने खरंच मनावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी घामाने अंथरूण ओलं, रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले, त्यांना झटकत होता, आणि पहाटे त्याला फिट आली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं हा आता जाणार. नंतर डॉक्टर आमच्यावर ओरडले. म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी घरच्या घरी एकदम तोडायची नसते, माणूस मरू शकतो. दारू मेंदूचा ब्रेक दाबून ठेवते, म्हणून मेंदू इतकी वर्षं अॅक्सिलरेटर दाबून कसाबसा चालत असतो, आणि आपण अचानक ब्रेकवरचा पाय काढला की अॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. ते दोन-तीन दिवस औषधाखाली आणि कोणाच्यातरी नजरेखाली काढावे लागतात. याला मी नुसती वाईट सवय कशी म्हणू? अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने तर १९५६ सालीच सांगितलंय की हा आजार आहे.

पण थांब, आता मी तुझ्या बाजूने बोलणार आहे. कारण आजार म्हटलं की लोक हात झटकतात, पिणारा पण झटकतो. मामाने पण झटकले होते. केंद्रात पहिल्या आठवड्यात तो सगळ्यांना सांगत सुटला की मी काय करणार, मला आजार आहे, आमच्या वडिलांनाही होता. तिथले एक समुपदेशक होते, स्वतः एकेकाळी पिणारे, ते त्याला शांतपणे म्हणाले, आजार झाला यात तुमचा दोष नाही, पण औषध घेणं, मीटिंगला जाणं, खोटं न बोलणं हे तुमचंच काम आहे, ते तुमची ताई करू शकत नाही. मी तिथेच बसले होते. मला इतका राग आला होता, वाटलं हा कोण माझ्या आजारी भावाला बोलणारा. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असायची, अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची, तिथे मला पहिल्याच दिवशी सांगितलं की हे तू ओढवून आणलेलं नाहीस, तुला हे आवरता येणार नाही आणि तुला हे बरंही करता येणार नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि हरल्यासारखं पण वाटलं, दोन्ही एकदम.

जॉर्ज बेस्टचं नाव तुझ्या बाबांच्या तोंडून ऐकलं असशील, फुटबॉलमधला. त्याला २००२ ला दुसऱ्याचं लिव्हर बसवलं, म्हणजे कोणाच्यातरी मरणातून त्याला जगणं मिळालं, आणि तो परत प्यायला लागला आणि २००५ ला ५९ व्या वर्षी गेला. लोक त्याच्यावर संतापले होते. मीही वाचताना संतापले, आणि मग रडले. मला दोन्ही करता येतं रे. ते लिव्हर ज्याला मिळालं नसेल त्याच्या घरच्यांचा राग खोटा नाही, आणि बेस्टच्या मुलाचं दुःख पण खोटं नाही. आणि दुसरा तो टोनी अॅडम्स, आर्सेनलचा कॅप्टन, १९९० ला दारू पिऊन गाडी चालवली म्हणून तुरुंगात गेला. बरोबर केलं. तिथे मला अजिबात दया नाही, कारण रस्त्यावर दुसऱ्याचं लेकरू असतं, आणि पैसे आहेत म्हणून सुटला असता तर मी तुझ्यापेक्षा जास्त ओरडले असते. पण तो तुरुंगातून येऊनही पीतच होता, लगेच काही सुधारला नाही. १९९६ ला सोडली, मी दारुडा आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि २००० साली आपल्यासारख्याच खेळाडूंसाठी उपचाराचं केंद्र काढलं. शिक्षा झाली तीही योग्य आणि मदत मिळाली तीही योग्य, मला यात भांडण दिसतच नाही. तू ते एका तराजूत घालतोस, इकडे सहानुभूती वाढली की तिकडे जबाबदारी कमी झाली. मी पण तेच करत होते, फक्त उलट्या बाजूने. मला वाटायचं मी त्याच्यावर माया करतेय, आणि मी घालत होते पांघरूण. त्याला जेव्हा मी पहिल्यांदा म्हणाले की आजपासून तुझ्या ऑफिसात मी फोन करणार नाही, केंद्रात यायचं असेल तर आत्ता गाडीत बस, मी सोबत येते, तेव्हा तो मला नाही नाही ते बोलला. त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव मी त्या दिवशी लावला होता असं मला आता वाटतं.

नंतर तो दोनदा घसरला. दोनदा परत गेला. आता चौदा वर्षं झाली, आणि अजून विचारलं की "फक्त आजचा दिवस" असंच म्हणतो, मोजायचं काम मीच करते.

अजून एक, आणि हे वाचून चिडू नकोस. तुझे आजोबा प्यायचे, मामा प्यायचा. डॉक्टर सांगतात की हा धोका साधारण निम्मा रक्तातून येतो. तू मला सांगितलंस की शनिवारी मित्रांबरोबर घेतो, मी काही बोलले नाही तेव्हा, बोलायला हवं होतं. मी तुला शपथ घालत नाहीये. पण कधी एखाद्या सोमवारी तुला वाटलं की हे शनिवारपुरतं राहिलं नाही, तर मला फोन कर, रात्री तीनला कर. मी ओरडणार नाही. आणि तुझ्या ऑफिसात फोन पण करणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

तुझं ते खिडकीचं पत्र मामाने अजून ठेवलंय. केंद्रात उशीखाली होतं. तो म्हणतोय या रविवारी तुला स्वतः फोन करतो आणि खिडकी होती की नव्हती ते सांगतो. उचल हं.

तुझी,
आई