ओढेल रे, पण पेलेल का?

सॅन अँटोनियो, टेक्सस
१४ जानेवारी २०२५

प्रिय नोझल,

तिळगूळ घे, गोड बोल. शिव्या घालायच्या असतील तर आधी पत्र पुरतं वाच आणि मग घाल.

अखेर ट्रक घेतला. आपल्या आडगाव नाक्यावर उभे असतात तसले दहाचाकी नव्हेत रे. इथं पुढं पाच माणसांची केबिन आणि मागं उघडा हौदा असला तरी त्याला ट्रकच म्हणतात, आणि पोरांना शाळेत सोडायला बायकाही तोच घेऊन जातात. २०१४ ची रॅम ३५००. १,४८,००० मैल चाललेली, म्हणजे आपल्या हिशेबानं २ लाख ३८ हजार किलोमीटर. इंजिन कमिन्सचं ६.७ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर. आणि गिअर हाताचे! या गाड्यांत हाताचा गिअर २०१८ च्या मॉडेलनंतर बंदच झाला, म्हणून तो शोधता शोधता तीन महिने गेले. घरातून विचारणा झाली की एवढ्या पैशात जरा बरी दिसणारी गाडी येत नव्हती का. मी म्हटलं, येत होती.

तुला फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण तू फोनवर मधे बोलतोस. आणि तू पडलास डिझेलच्या पंप-नोझलांचा डॉक्टर, म्हणून मला तुझ्याकडून एक निदान हवं आहे, ते शेवटी येईल.

मुळात ही खाज का सुटली ते सांगतो. शेळ्या आता चाळीसच्या पुढं गेल्यात. चारा गोल गठ्ठ्यांनी घ्यावा लागतो आणि एकेक गठ्ठा साडेनऊशे पौंडांचा, म्हणजे सव्वाचार क्विंटल. ट्रॅक्टरही इकडून तिकडं न्यावा लागतो. (ट्रॅक्टर महिंद्राचा. सातासमुद्रापार येऊन काय घेतलं, तर महिंद्रा. आबांना फोटो पाठवला तेव्हा ते म्हणाले, ‘मग तिकडं गेलास कशाला?’) आतापर्यंत जुन्या पेट्रोल पिकअपवर भागवत होतो. गेल्या ऑक्टोबरात तिच्यामागं ट्रेलर लावून ट्रॅक्टर आणत होतो. इंटरस्टेट १० वर, कम्फर्ट नावाच्या गावाच्या अलीकडं उतार आहे. शेजारून एक मोठा कंटेनर वाऱ्यासारखा निघून गेला आणि माझ्या ट्रेलरचं शेपूट हलायला लागलं. आधी जरासं, मग एवढं की आरशात ट्रॅक्टर एकदा डावीकडं दिसतो, एकदा उजवीकडं. पायाचा ब्रेक दाबला असता तर आज हे पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं. एक्सलेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि नुसत्या ट्रेलरचे ब्रेक लावायची खिट्टी असते ती हातानं दाबत राहिलो. तेव्हा कुठं ट्रेलर मागून ताणला गेला आणि सरळ झाला. बाजूला थांबल्यावर पाच मिनिटं दार उघडता येईना, बोटंच वळेनात.

चूक माझीच. ट्रॅक्टर मी उलटा चढवला होता, लोडरचं सगळं ओझं मागं. आपली गाडी उलार झाली की बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, तेच झालं. इथला नियम असा की मागच्या हुकाला लावायच्या साध्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हुकावर पडलं पाहिजे. त्याहून कमी पडलं तर ट्रेलर नाचतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी उशीर झाला होता, एवढंच.

तर आता हंसमानी ट्रेलर घेतला. त्याची मान हंसासारखी वर जाऊन हौद्यात, बरोबर मागच्या आसाच्या वर, एका लोखंडी गोळ्यावर बसते. नाचत नाही, वळतोही झकास. पण त्याचं २० ते २५ टक्के वजन थेट गाडीच्या पाठीवर येतं, आणि पहिले दोन महिने मी इथंच भुललो होतो. जाहिरातीत काय असतं? ही गाडी सतरा हजार पौंड ओढते, ती अठरा हजार. ओढेल रे, डिझेलच ते! पण पेलेल का? १४,००० पौंडांच्या ट्रेलरचे २० टक्के म्हणजे २,८०० पौंड. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी पट्टी असते, तिच्यावर माणसं आणि सामान मिळून ही विशिष्ट गाडी किती भार घेईल ते छापलेलं असतं. एका चकचकीत पाऊण टनी डिझेलच्या पट्टीवर आकडा होता २,०१७. (या गाड्यांना अजूनही अर्धा टन, पाऊण टन, एक टन म्हणतात. नावापुरतंच, त्या टनाचा आता कशाशी संबंध नाही.) विकणारा ओढायचा आकडा मोठ्यानं सांगत होता आणि मी वाकून पट्टी वाचत होतो. त्यातही गंमत अशी की डिझेल इंजिन स्वतःच एवढं जड की तीच गाडी पेट्रोलमध्ये जास्त भार पेलते. माझ्या गाडीच्या पट्टीवर ४,१०० आहे. गाडीची एकूण मर्यादा ११,७०० आणि ट्रेलरची १४,००० मिळून २५,७००. २६,००० च्या वर गेलं की वेगळं लायसन्स काढावं लागतं, तो खटाटोपही टळला.

मधे पाहिलेल्या गाड्यांची कथा थोडक्यात. एक उत्तरेकडून आलेली. तिकडं थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. वरून रंग आरशासारखा, आणि चेसिसला नख लावलं तर पापुद्रे निघाले. दुसरी पश्चिमेकडच्या तेलविहिरींवर राबलेली. मीटरवर १,३२,००० मैल, काही वाईट नाही. पण डॅशबोर्डवर इंजिनाचे तासही दिसतात, ते ६,१००. भागून बघ, ताशी साडेएकवीस मैल. म्हणजे ती गाडी चालली कमी आणि एसी लावून उभ्या उभ्या धडधडली जास्त. माझीचे तास ३,९००, म्हणजे ताशी ३८ मैलांची सरासरी. नुसते मैल बघणारा माणूस ती तेलविहिरींवरची गाडी घेऊन आनंदानं घरी गेला असता.

तिसऱ्याचा मालक अभिमानानं म्हणाला, सगळं डिलीट केलंय, आता कटकटच नाही. इथं २००७ पासून सायलेन्सरात धुराची गाळणी आली आणि नंतर धूर स्वच्छ करायला युरिया आला, जो आता तुमच्याकडंही बीएस-६ मध्ये आहे. गाळणी तुंबते, सेन्सर जातात, खर्च मोठा. म्हणून लोक ते सगळं कापून काढतात आणि कॉम्प्युटरला खोटं शिकवतात. केंद्राच्या स्वच्छ हवा कायद्यानं हे बेकायदेशीर आहे. सोडून दिली. तसंही याच १ तारखेपासून टेक्ससमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीसुद्धा बंद झाली, म्हणजे आता तपासणारा आपणच.

चौथ्याला मात्र मी मनातून सलाम ठोकला. ठरल्या वेळी गेलो, गाडी एका सेल्फात सुरू, धूर नाही, आवाज लोण्यासारखा. बॉनेट उघडून सहज ब्लॉकला हात लावला तर चटका बसला. मी यायच्या आधी त्यानं अर्धा तास चालवून ठेवली होती. डिझेलची खरी तब्येत थंडीत पहिल्या सेल्फाला कळते हे तूच शिकवलंस ना? मी म्हटलं, उद्या सकाळी सहाला येतो, तोवर हात लावू नकोस. तो म्हणाला, उद्या जमणार नाही. मग परवा? परवाही नाही.

आता आपली. जंक्शन गावाच्या पुढं एका म्हाताऱ्या पशुपालकाची. फोनवर त्यानंच विचारलं, ‘थंड बघायची की गरम?’ तिथंच अर्धा सौदा झाला. सकाळी सात वाजता पोचलो. पाणी गोठायला आलेलं, काचेवर दहिवर. हातमोजा काढून ब्लॉकवर तळवा ठेवला, बर्फ! चावी फिरवली. या इंजिनाला सिलिंडरमध्ये हीटर प्लग नसतात, आत जाणारी हवा तापवायला तोंडाशी एक जाळी असते. ‘थांबा’ म्हणणारा दिवा लागला. म्हातारा काही बोलला नाही, मीही नाही. दिवा विझला, सेल्फ मारला, तिसऱ्या फेरीत धरलं. मागं पांढुरका धूर आला आणि दहा सेकंदांत गेला. मग तुझी युक्ती केली: इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवलं. बॅक असती, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेनं खाली येत असता, तर उडून पडलं असतं. जागच्या जागी थरथरत बसलं होतं, हट्टी पोरासारखं. हौद्यातला हुकाचा गोळा घासून चांदीसारखा झालेला, म्हणजे गाडीनं ओझी ओढलीत हे उघड. पण डिफरन्शियलचं ऑइल आणि क्लच कधी बदलला ते म्हाताऱ्यानं एका चौकोनी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. अशी वही मी यापूर्वी फक्त तुझ्या दुकानात पाहिली होती.

तुला आनंद होईल असं आता सांगतो. हिचा डिझेल दाबानं नोझलांकडं ढकलणारा पंप बॉशचा सीपी-३. तीन पिस्टनचा जुना घोडा. इथल्या बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये २०११ पासून सीपी-४ आला, दोन पिस्टनचा. तो घासला गेला की लोखंडाचा चुरा रेलमधून, म्हणजे डिझेल वाटणाऱ्या नळीतून, थेट नोझलांपर्यंत जातो आणि टाकीपासून सगळं बदलावं लागतं. इथल्या डिझेलची वंगणशक्तीही कमी. तुझ्या भाषेत, चाचणीत घासल्याचा व्रण इथं ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, युरोपात ४६०. रॅमनंही २०१९-२० मध्ये सीपी-४ लावून पाहिला, २०२१ ला गाड्या परत बोलावल्या आणि पुन्हा सीपी-३ वर आले. तू सातपूरला मायकोत, म्हणजे याच बॉशच्या कारखान्यात, अ‍ॅप्रेंटिस होतास तेव्हा कधी वाटलं होतं का, की एक दिवस हा गाढव टेक्ससमध्ये पंपाचा नंबर बघून गाडी घेईल? आणि कमिन्सचं काय, कोथरूडला किर्लोस्करांबरोबर त्यांची कंपनी १९६२ मध्येच निघाली. लग्नाच्या मांडवामागं जनरेटर धडधडायचा तोच हा आवाज. मी तिथंच हरलो होतो, घासाघीस नावापुरतीच केली.

साडेतेवीस हजार डॉलर. रुपयांत करून बघू नकोस. मी केलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. वर सव्वासहा टक्के कर, म्हणजे १,४६८ डॉलर ७५ सेंट. मात्र काउंटीच्या कर कचेरीत दोघांनी सह्या केल्या आणि अर्ध्या तासात गाडी नावावर. आरटीओचे खेटे आठवून उगाचच हळवा झालो.

गेल्या रविवारी पहिली खेप केली. दहा गठ्ठे. हायवेवर ट्रक थांब्याला वजनकाटे असतात, तिथं काटा करून घेतला. पुढचा आस ४,७५०, मागचा ५,७५०, ट्रेलरची चाकं १०,७५०. म्हणजे गाडी साडेदहा हजारांवर, मर्यादेपेक्षा १,२०० खाली. ती पावती पाकिटात घालून ठेवली आहे, बाळाच्या पहिल्या वजनाच्या कागदासारखी. परतताना तोच कम्फर्टजवळचा उतार. मुद्दाम चौथ्यात टाकली, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. टर्बोतल्या पात्या मिटतात आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. कसाऱ्यात तुझे काका म्हणायचे ना, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर; तसा उतरलो. ब्रेकला पाय लावला नाही. शेजारून पुन्हा एक कंटेनर गेला आणि माझे खांदे आपोआप वर आले, पण आरशात गठ्ठे होते तिथंच होते.

आता निदान. म्हाताऱ्याकडं रेंज नव्हती, नाहीतर तेव्हाच ऐकवलं असतं. सकाळी थंड सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं एक टिकटिक येते. शिवणयंत्राची सुई जाड कापडात अडते तशी, सलग नाही, चार ठोके सोडून. इंजिन तापलं की जाते. धूर नाही, ओढायला कमी नाही, ऑइल वाढत नाही (डिझेल मिसळतंय का म्हणून काडी रोज बघतो). समोर उभं राहिलं तर डाव्या बाजूनं येते असं मला वाटतं, पण बायकोला वाटतं की मला नुसतं वाटतंय. नोझल टपकतोय की नुसता टॅपेटचा गॅप? इथला मेकॅनिक म्हणतो सहाही इंजेक्टर बदला, आणि त्याचा आकडा ऐकून मीच काही वेळ टिकटिक करत होतो.

आवाज भरून पुतण्याकडं पाठवलाय. दुकान बंद करून, टेस्ट बेंचचा पंखा बंद असताना ऐक, आणि लगेच मत देऊ नकोस. दोनदा ऐकून मग लिही.

तुझाच,
बारक्या

ता. क. वहिनींना सांग, तिळाचे लाडू पोचले. पाच फुटले होते, तेही खाल्ले.