पाटावर कोण बसणार?

वसई,
रविवार दुपार

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हे बोलणं धड होत नाही. आईचा आवाज भरून येतो, बाबा "असू दे रे" म्हणून फोन ठेवतात आणि मग आठवडाभर आपण सगळे पाऊसपाण्यावर बोलतो. म्हणून लिहायला बसलो. बाबा, माथ्यावर 'श्री' नाही हे तुम्ही आधीच पाहिलं असेल. तरी पुढचं वाचा.

आईचा सवाल असा: "सासूला घेऊन दर रविवारी चर्चला जातोस, नाताळच्या रात्री तिथे जागतोस, मग घरच्या सत्यनारायणाला जोडीने पाटावर बसायला काय होतं? देव मानत नाहीस ना, मग दोन्हीकडे मानू नकोस!" सवाल बिनतोड आहे. मावशीने तो उचलून धरलाय आणि तिच्या मते मला 'त्यांनी ओढलाय'. तिला सांग, मी कॉलेजात होतो तेव्हाच अथर्वशीर्ष म्हणायचं सोडलं होतं. तुझी सून कोण होणार हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

आता चर्चमध्ये मी नेमकं काय करतो ते ऐक. चिऊच्या बाप्तिस्म्याला तू आली होतीस, पण त्या दिवशी नुसती गडबड होती. एरवीचा रविवार अगदी साधा असतो. सासरे गेल्यापासून सासूबाईंना एकटीने रिक्षात चढउतर जमत नाही आणि हिची सकाळची ड्यूटी असते. म्हणून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, मी नेतो. शेवटून दुसरा बाक, पंख्याखालचा. मिस्सा अथपासून इतिपर्यंत मराठीत चालतो. सासूबाईंच्या लहानपणी तो लॅटिनमध्ये असायचा. फादर तिकडे वेदीशी पुटपुटत आणि बायका इकडे आपापली माळ जपत बसत. १९६२ ते ६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तेव्हापासून लोकांच्या भाषेला वाट मिळाली. सासूबाईंना अजूनही मधूनच लॅटिन ओळी आठवतात. अर्थ विचारला की हसतात.

सगळे उभे राहिले की मी उभा राहतो. गाण्याची चाल सापडली तर गुणगुणतो. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की शेजारच्याला हात जोडून मान लववतो. त्याला माझी कधीच हरकत नसते. पण मधे एक भाग येतो, ज्यात सगळी मंडळी एका सुरात सांगतात की आम्ही कशावर विश्वास ठेवतो. तेव्हा मी उभा असतो आणि गप्प असतो. ते गुडघे टेकतात तेव्हा मी बसून राहतो. ख्रिस्तशरीर, म्हणजे त्यांचा भाकरीचा प्रसाद, घ्यायला रांग लागली की गुडघे एका बाजूला करून बाकावरच्या सगळ्यांना वाट देतो. आमच्या बाकावर लाल लुगड्यातल्या एक आजी असतात. सुरुवातीला त्या मला कोपराने ढोसायच्या, "जा ना, जा." मी मान हलवायचो. आता रांगेत जाताना त्या आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवून जातात. तिथे माझं काम एवढंच.

एकदा प्रवचनात देव न मानणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला गेला. सासूबाई सबंध वेळ समोर बघत बसल्या आणि बाहेर पडल्यावर मला न विचारता नाक्यावर बटाटेवडे घेतले. त्या विषयावर त्यांच्याकडून आलेलं हे एकमेव भाष्य.

आता सत्यनारायण. मी त्यात नसतो असं तरी म्हणू नकोस, आई. चौरंगाला केळीचे खुंट मी बांधतो. सव्वाच्या मापाने रवा मी भाजतो, तूप सुटेपर्यंत, कारण बाबा घाई करतात. आरतीला पेटी माझी असते, आणि 'युगे अठ्ठावीस'ला काका दरवेळी पट्टी सोडून वर जातो तेव्हा त्याला सांभाळून घेणाराही मीच. कथाही मन लावून ऐकतो. गोष्ट म्हणून ती रचलीय छान. कलावती प्रसाद न घेता धावत सुटते आणि नवऱ्यासकट जहाज गडप होतं, तिथे आल्यावर तू हळूच माझ्याकडे बघतेस. ते मला दिसतं. पण प्रसाद मी कधी टाकलाय? दुसऱ्यांदा मागून घेणारा घरात मी एकटाच.

पाटावर बसणं मात्र निराळं. तिथे गुरुजी पळीने हातावर पाणी घालतात आणि गोत्र, नाव घेऊन माझ्याकडून म्हणवून घेतात: मम आत्मनः श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं... बाबा, कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. बँकेतल्या त्या जामीनकीच्या वेळी सख्ख्या भावाचा कागदही तुम्ही दोनदा वाचलात आणि आठ दिवस काका तुमच्याशी बोलला नाही. संकल्प ही माझी सही आहे. पुराणात सांगितलेलं फळ मला मिळावं म्हणून मी हे करतोय, असं पाणी सोडून सांगायचं आणि मनात म्हणायचं की यातलं मला काहीच पटत नाही, हे माझ्याने होत नाही. वसईत ही सही मागितली जाते तेव्हा मी गप्प राहतो, वाईतही तेच करतो. फरक इतकाच की तिथे मी मागच्या बाकावरचा पाहुणा आहे, म्हणून माझं गप्प राहणं कुणाला टोचत नाही. घरी मी एकुलता एक मुलगा आहे. घरी मागचा बाक नाही.

आई म्हणते, "मानू नकोस, पण हात जोडायला काय जातं?" अगं, हात मी जोडतोच. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेत तेही करायला नकार दिला, त्यापायी त्यांची वेतनश्रेणी अडली आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मी तितका कडक नाही. दिवा लावलेला असला, समोर तुम्ही दोघं उभे असलात, तर हात आपोआप जुळतात. ते देवापुढे की तुमच्यापुढे, याचा खल मी करत बसत नाही.

यात तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. आपल्या घरात "तू मानतोस का?" असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. "बसतोस का?" एवढंच विचारलं. आपल्याकडे करण्याला महत्त्व, मनात काय आहे ते ज्याचं त्याच्यापाशी. चर्चमध्ये उलटं, तिथे मनात काय आहे यावरच सगळा डोलारा. त्यामुळे न मानणाऱ्याला वसईत बाहेरचा म्हणून सोडून देतात आणि वाईत आतला म्हणून धरून ठेवतात. तुझ्या दृष्टीने मी देव नाकारत नाहीये, पंगत सोडून उठतोय. तुला ते लागतं कारण ते तुझ्या घरातून उठणं आहे. तरीसुद्धा.

आणि 'जोडीने' म्हणतेस तेव्हा तुझ्या सुनेचा विचार कर. तिची अडचण माझ्या बरोबर उलटी आहे. मी मानत नाही, ती मानते, फार मानते. दुसऱ्या देवापुढे यजमान म्हणून बसणं हे तिच्या दहा आज्ञांतल्या पहिल्याच आज्ञेच्या आड येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती हौसेने येते, तुझ्या हातचं वाण घेते, गौरीच्या जेवणात पन्नास पानं वाढते. पाटावर मात्र नाही. परवा मला म्हणाली, "तू बसलास तर खोटं बोलशील, मी बसले तर पाप करीन. तुझं आपलं बरंय, तुला वरती जाब द्यायचा नाही." या विषयावर आमच्या घरात भांडणं होत नाहीत असं समजू नका. चिऊ रात्री प्रार्थना करताना "पप्पा का म्हणत नाहीत?" असं विचारते, तेव्हा दोघांनाही एकदमच स्वयंपाकघरात काम निघतं.

चिऊच्या बाप्तिस्म्यावरून मावशीने तेव्हा बरंच काही पसरवलं, म्हणून तेही एकदा सांगून टाकतो. आमच्या लग्नाला बिशपांची परवानगी लागली होती. मुलांना आपल्या धर्मात वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं करीन, असं वचन हिने दिलं. ते वचन तिचं होतं. मला फक्त त्याची कल्पना दिली गेली. माझं नाव तेच, जात-गोत्राचं जे काय असेल ते तेच, आणि अविश्वासही तोच. बाप्तिस्म्याच्या विधीत आईबापांना प्रश्न विचारतात. फादरांनी आदल्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "जिथे मनापासून हो म्हणता येणार नाही तिथे गप्प राहा, उत्तर हिचं पुरेल." मी गप्प राहिलो.

त्या दिवशी तुम्ही दोघं कसे वागलात ते मी माझ्या जागेवरून पाहत होतो. बाबा पुढच्या बाकावरच्या माणसावर डोळा ठेवून होते. तो उठला की उठायचे, तो बसला की बसायचे, एकदा तो नुसता खिशातला रुमाल काढायला उठला तर तुम्हीही उठलात. आई, चिऊच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तुझे ओठ हलत होते. रामरक्षा होती ना? तुम्ही क्रूस केला नाही, कुणी करा म्हणालं नाही, आणि तुमच्या येण्याने सासरे इतके खूश झाले की जेवताना बाबांना सोडेनात. मी याहून वेगळं काही मागत नाहीये. तुम्ही जे तिथे केलंत तेच मला घरी करू द्या.

बाबा, लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तू ती परत करून आलास." ते वाक्य इथे सासरी फार गाजलंय. त्यावरून आठवलं. सासूबाई वाईला आल्या होत्या तेव्हा आपण मेणवलीला गेलो. घाटावरची ती मोठी घंटा वसईच्या चर्चमधली, लढाईनंतर इकडे आलेली, हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, १७०७ हा आकडा वाचला, मग बाळ येशूला घेतलेली मरियामाता दिसली. हाताने पुसून पाहिली आणि क्रूस केला. शेजारी आईने सवयीने नमस्कार केला. मग दोघी पायरीवर बसून गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलायला लागल्या. मी घंटेचे फोटो काढत होतो.

आगरकर आपल्याच जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या मानाने मी फारच स्वस्तात सुटलोय, फक्त मावशी बोलत नाही.

आता मुख्य कार्याचं. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी सगळ्यात पुढे असणार, हे वेगळं सांगायला नको. सगळ्या विधींत मला हा एक मनापासून आवडतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, २९.५३ धरा. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस. ३६५.२५ ने भागलं की ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने येतात. गुरुजींचा पंचांगातला हिशेब थोडा इकडेतिकडे असेल, पण बाबांनी हा ताळा करून पाहावा. एखाद्या माणसाच्या आयुष्यात हजारदा चंद्र पूर्ण झाला म्हणून घरच्यांनी त्याला दिव्यांनी ओवाळायचं, यात मला मानण्या-न मानण्याचा प्रश्नच दिसत नाही. ही पण ओवाळणार आहे, तिने स्वतःहून सांगितलं. सासूबाई येतील, खुर्चीवर बसतील. होमाचा धूर त्यांना सोसत नाही, तेव्हा त्यांची खुर्ची ओसरीवर ठेवू.

दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला पाटावर काका-काकूंना बसवा. काकाशी मी बोललोय. आधी जरा कुरकुरला, मग म्हणाला, "प्रसादात केळी जास्त घालणार असशील तर बसतो." गुरुजींना मी स्वतः सांगेन. आई, तू त्यांना "त्याला पाठदुखीमुळे मांडी घालता येत नाही" असं सांगून ठेवू नकोस. गेल्या खेपेला सांगितलंस आणि त्यांनी मला अर्धा तास आसनं समजावली. खरं सांगायचा संकोच वाटत असेल तर काहीच सांगू नकोस, मी बघून घेईन. मावशीचं मात्र तूच बघ.

आम्ही दोन दिवस आधी येतोय. मांडववाल्याला आगाऊ पैसे अजून देऊ नका, तो दरवेळी दोनदा घेतो. रवा वाईतच घ्या, तूप मी इथून आणतो. बाबांची रक्तदाबाची गोळी त्या दिवशी होमाच्या गडबडीत राहता कामा नये. उपास वगैरे काही काढलात तर डॉक्टरांना आधी विचारा, गुरुजींना नंतर.

तुमचा,
नंदू

ता. क. पेटीचा भाता फाटलाय असं काका म्हणाला. दुरुस्तीला टाकू नका, मी आल्यावर चिकटवतो.