मोठ्या संघाने लहान संघाच्या मैदानावर यावे

मा. संपादक,
स. न.

सिल्केबोर्गने डेन्मार्कचा राष्ट्रीय फुटबॉल चषक जिंकल्याची चार ओळींची बातमी आपल्या क्रीडापानावर आयपीएलच्या गुणतक्त्याखाली आली होती. शेजारणीने तिचा फोटो मला पाठवला, कारण ९ मे २०२४ च्या त्या अंतिम सामन्याला मी स्वतः हजर होते. मुलगा तिकडे ऑर्हूस शहरात नोकरीला आहे. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे, त्यामुळे तिथे गेल्यावर पहिली चौकशी मैदानांचीच केली.

सामना सिल्केबोर्ग आणि एजीएफ या दोन क्लबांचा होता. एजीएफ ऑर्हूसचा. १८८० साली व्यायाममंडळ म्हणून निघालेली ही संस्था. एजीएफ म्हणजे ‘ऑर्हूस जिम्नॅस्टिकफोरेनिंग’; नावातच व्यायाम आहे, फुटबॉल मागाहून आला. १९५५ चा पहिलावहिला चषक त्यांनीच जिंकला, एकूण नऊ वेळा जिंकला, पण शेवटचा १९९६ मध्ये. नंतर २०१६ च्या अंतिम सामन्यात हार. सिल्केबोर्ग हे तळ्यांकाठचं गाव, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, आमच्या कळव्याहूनही लहान. दोन्ही गावांत चाळीसएक किलोमीटरचं अंतर, तरी सामना कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियममध्ये. समुद्रावरचा ग्रेट बेल्टचा पूल ओलांडून तीन तासांचा रेल्वेप्रवास. येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती, त्यामुळे आजीआजोबांसकट घरंच्या घरं गाडीत. एजीएफचे पांढरे शर्ट, मध्येच सिल्केबोर्गचे लाल. सिल्केबोर्गने एकच गोल केला आणि तेवढ्यावर २००१ नंतर पहिल्यांदा चषक नेला. आठ वर्षांचा माझा नातू पांढऱ्या शर्टात माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पलीकडे लाल शर्टातले एक आजोबाही रडत होते, ते आनंदाने.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते परतीच्या गाडीत मुलाने सांगितलेल्या एका नियमासाठी. या स्पर्धेत गावपातळीवरचे हौशी संघही पात्रता फेऱ्यांमधून येऊ शकतात. आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत खालच्या श्रेणीचा संघ मोठ्या संघाला आपल्या घरच्या मैदानावर बोलावतो. म्हणजे टीव्हीवर दिसणारे खेळाडू बसने एखाद्या खेड्यात येतात, तिथल्या साध्या खोलीत बूट बांधतात आणि गावची पोरं कुंपणाला चिकटून त्यांना पाहतात.

मला आमचे जिल्ह्याचे सामने आठवले. शहराचे संघ कायम घरच्या मैदानावर आणि प्रवास मात्र मुरबाड-शहापूरच्या मुलींनी करायचा. मुरबाडला रेल्वे नाही. आठच्या सामन्यासाठी त्या पहाटेची एसटी धरून येत. एका वर्षी त्यांची गाडी कल्याणच्या अलीकडे अडकली, वीस मिनिटं उशीर झाला आणि आयोजकांनी आम्हाला वॉकओव्हर दिला. मी शिट्टी हातात घेऊन उभी होते. त्या मुली बूट बांधत होत्या, सामना संपल्याचं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. ‘खेळवा हो, आम्ही तयार आहोत,’ एवढं मी नेटाने म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चांगलं मैदान आपल्याकडे नाही असं कसं म्हणू? नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबर २०२२ ला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने मी बावीस मुली घेऊन गेले होते. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तेही कोलंबियाच्याच पायाला लागून गेलेल्या गोलवर. आपल्या मुली गटातले तिन्ही सामने भुवनेश्वरला हरल्या होत्या, अमेरिकेकडून तर ०-८. परतताना माझी गोलकीपर विचारत होती, ‘बाई, आपण कुणाशी खेळलो की तेवढं येईल?’ मोठ्या संघांशी, आणि वारंवार, हे तिला मी काय सांगणार! सरावाला टर्फ घ्यायचं तर ताशी हजाराच्या पुढे भाडं आणि वस्तीतल्या मैदानात मांडवाच्या खांबांचे खड्डे महिनोन्महिने तसेच.

म्हणून जिल्ह्याचे सामने भरवणाऱ्यांना विनंती आहे. पहिल्या दोन फेऱ्या तरी लहान संघाच्या गावी घ्या. मुरबाडला, शहापूरला, वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शहरातले संघ जाऊ द्या. आमच्या मुलींना पहाटेची एसटी धरू द्या. अंतिम सामन्याला एक सुट्टीचा दिवस कायमचा ठरवा, म्हणजे लोकांच्या तो लक्षात राहील. माझ्या मते १ मे, महाराष्ट्र दिन.

आणि आपल्याकडेही एक मागणं आहे. डेन्मार्कला चार ओळी मिळाल्या याचा मला आनंदच झाला. तेवढ्याच चार ओळी दर सोमवारी जिल्ह्याच्या मुलींच्या सामन्यांना द्याव्यात. निकाल, गोल करणारीचं नाव, कितव्या मिनिटाला, हे सगळं रविवारी संध्याकाळी सातच्या आत मी स्वच्छ अक्षरात लिहून आपल्या ठाणे कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कळवा (ठाणे)