प्रोजेक्टर आहे, पण जोडणीचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी शिलालेखांवरील एका व्याख्यानाला मी गेलो होतो. वक्ते तीन तासांचा प्रवास करून आले होते, सभागृह भरले होते, छताला प्रोजेक्टर टांगलेला होता. तरीही पहिली चाळीस मिनिटे आम्ही सर्वजण पडद्यावरच्या निळ्या चौकोनातले ‘नो सिग्नल’ एवढे दोनच शब्द वाचत बसलो. वक्त्यांच्या नव्या लॅपटॉपला केवळ यूएसबी-सी (लहान, लंबगोल) खाचा होत्या आणि व्यासपीठावरच्या भिंतीतून बाहेर आलेली केबल जुन्या निळ्या तोंडाची, म्हणजे व्हीजीए होती. मग पेनड्राइव्हवरून ती फाइल सभागृहाच्या संगणकावर उघडून पाहिली. मजकूर जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समान असलेली अक्षर-संकेत पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि तो फॉन्ट त्या संगणकात नसल्याने शिलालेखाच्या वाचनाऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटली. शेवटी त्या गृहस्थांनी चित्रांविनाच व्याख्यान दिले. शिलालेखातील अक्षरांची वळणे हाताने हवेत काढून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर आली, याचे मला श्रोता म्हणून आजही वाईट वाटते.

मी पंचवीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्यांतील बराच काळ संगणक कक्ष सांभाळला. अशा प्रसंगी सभागृहात ‘यांना साधा लॅपटॉप जोडता येत नाही’ अशी कुजबुज होते, ती मला अन्यायाची वाटते. यात वक्त्याचा दोष क्वचितच असतो. प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनियंत्रणा यांवर संस्था मोठी रक्कम खर्च करतात, फलकावर देणगीदाराचे नाव कोरतात. परंतु वक्त्याचा संगणक आणि तो प्रोजेक्टर यांच्यामधल्या हातभर तारेचा विचार खरेदीच्या वेळी कोणीच करत नाही, आणि कार्यक्रम अडतो तो नेमका तिथे.

व्हीजीए ही पंधरा पिनांची जोडणी आयबीएमने 1987 साली आपल्या पीएस/2 संगणकांबरोबर आणली. दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी घट्ट बसणारी ही जोडणी इतकी टिकाऊ निघाली की, इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो आदी कंपन्यांनी 2015 पर्यंत ती आपल्या उत्पादनांतून काढून टाकण्याचे डिसेंबर 2010 मध्ये जाहीर केले, तरी आपल्याकडच्या भिंतींत ती आजही चिणलेली आहे. त्यानंतरचे लॅपटॉप एचडीएमआय या नव्या, चपट्या तोंडाच्या जोडणीचे आले आणि आता तर अनेक पातळ लॅपटॉपना यूएसबी-सीखेरीज काहीच नसते. यंत्रे पाच-सात वर्षांनी बदलतात, भिंतीतली केबल मात्र रंगकाम निघेपर्यंत बदलत नाही. (नवे सभागृह बांधणाऱ्यांनी केबल थेट न चिणता रुंद पाइपमधून न्यावी, म्हणजे पुढे नवी ओढून घेता येईल. गवंडी आणि इलेक्ट्रिशियन यांना हे आधी सांगावे लागते. नंतर भिंत फोडावी लागते.)

यावर ‘कन्व्हर्टर आणू’ असे सहज म्हटले जाते, पण दुकानातून चुकीची वस्तू येण्याचे प्रमाण माझ्या अनुभवात बरेच आहे. एचडीएमआयमधून अंकीय संकेत येतो आणि व्हीजीएला लागतो तो ॲनालॉग. त्यामुळे दोन टोकांना दोन तोंडे असलेली नुसती तार येथे चालत नाही, संकेत बदलणारी चिप असलेलाच कन्व्हर्टर लागतो. शिवाय तो एकाच दिशेने काम करतो: लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या व्हीजीएकडे नेणारा वेगळा आणि जुन्या संगणकाच्या व्हीजीएमधून नव्या टीव्हीच्या एचडीएमआयकडे नेणारा वेगळा. दिसायला दोन्ही सारखेच असल्याने दुकानदाराला ‘कुठून कुठे’ हे स्पष्ट सांगावे लागते. यूएसबी-सीची गोष्ट आणखी फसवी आहे. खाच तीच असली, तरी प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही केवळ चार्जिंग आणि फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी असतात. तेव्हा आपला लॅपटॉप कोणता, हे ज्याने त्याने घरीच एकदा एखाद्या टीव्हीला जोडून पाहावे हे उत्तम. आवाजाचेही तसेच आहे. व्हीजीए फक्त चित्र नेते, आवाजासाठी निराळी तार लागते. एचडीएमआय दोन्ही नेते, पण मग आवाज बहुधा लॅपटॉपमधून निघून प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरकडे जातो आणि सभागृहातले मोठे कर्णे गप्प राहतात. अशा वेळी लॅपटॉपच्या आवाजाच्या चिन्हावर जाऊन स्पीकर बदलावा लागतो. मी हे अनेक कार्यक्रमांत केले आहे आणि दर वेळी आयोजकांनी मला जादूगार समजून चहा पाजला आहे.

तार जुळली तरी काम संपत नाही, कारण पडद्यावर काय दिसावे हे संगणकाला सांगावे लागते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि पी ही दोन बटणे एकत्र दाबली की चार पर्याय समोर येतात. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून ही सोय आहे. फक्त लॅपटॉपवर, दोन्हीकडे सारखेच, पडदा हा लॅपटॉपचाच वाढीव भाग, किंवा फक्त पडद्यावर, असे ते चार. यांतील दुसरा, डुप्लिकेट नावाचा पर्याय बहुतेक जण वापरतात, आणि घोटाळे होतात ते त्यातच. एका पालकसभेत शिक्षिका सादरीकरणाची फाइल शोधत असताना विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची आणि बँक खात्यांची यादी भिंतीवर सहा फूट रुंदीत उघडलेली मी पाहिली आहे. त्या बाईंचा हेतू अर्थातच तसा नव्हता. आपल्याला जे दिसते तेच सर्वांना दिसते आहे, हे घाईत लक्षात राहत नाही इतकेच. व्हॉट्सॲपचे खासगी संदेश पडद्यावर टपकण्याचे प्रसंग तर वाचकांनीही पाहिले असतील. तिसरा, एक्स्टेंड हा पर्याय निवडला, तर फाइलींची शोधाशोध आपल्या लॅपटॉपवर राहते आणि पडद्यावर केवळ आपण तिकडे नेलेली खिडकी दिसते. पॉवरपॉइंटमध्ये तर वक्त्याला आपली टिपणे आणि पुढची चौकट स्वतःपुरती पाहता येते. या पर्यायाला लोक घाबरतात, कारण उघडलेली खिडकी कधीकधी ‘हरवते’, म्हणजे ती दुसऱ्या पडद्यावर गेलेली असते. विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाणाची कळ दाबली की ती परत येते. हे एवढे प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात दहा मिनिटे खर्चून शिकवावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. त्या दहा मिनिटांचे मोल पुढे कैक तासांनी भरून निघते.

मराठी मजकुराबाबत एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बऱ्याच जुन्या प्रोजेक्टरची मूळ क्षमता 1024 बाय 768 ठिपक्यांची असते, तर आजच्या लॅपटॉपची 1920 बाय 1080 किंवा त्याहून अधिक. डुप्लिकेट पर्यायात दोहोंना पेलेल असे एकच माप घेतले जाते किंवा चित्र प्रोजेक्टरमध्येच आक्रसले जाते. इंग्रजी अक्षरे यातून कशीबशी तगतात. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार आणि उकार ठिपक्यांत विरघळून जातात, जोडाक्षरे गोळा होतात, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना ‘वग’ आणि ‘वर्ग’ यांत फरक दिसेनासा होतो. म्हणून मराठीत सादरीकरण करणाऱ्याने अक्षर इंग्रजीपेक्षा मोठे घ्यावे, मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, आणि सोबत फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत ठेवावी. वर सांगितलेल्या व्याख्यानात अशी एक पीडीएफ असती, तर निदान सभागृहाच्या संगणकावरून काम भागले असते.

बिनतारी जोडणीने हे सारे प्रश्न सुटतील, असे काही जण म्हणतात. मिराकास्ट ही पद्धत 2012 पासून आहे आणि विंडोजची कळ व के दाबून ती वापरताही येते. परंतु पलीकडच्या प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला ती यावी लागते, ॲपलच्या फोनना ती चालत नाही, त्यांची एअरप्ले ही निराळी पद्धत आहे, आणि ऐन भाषणात चित्र अडखळले की पुन्हा तारेचीच आठवण होते. माझे मत विचाराल तर ग्रामीण सभागृहात तार बरी.

आयोजक संस्थांना माझी सूचना अगदी साधी आहे. वक्त्याला निमंत्रण पाठवताना तारीख, वेळ आणि मानधन यांबरोबर ‘आमच्याकडे अमुक जोडणीचा प्रोजेक्टर आहे, आपल्या लॅपटॉपला कोणती खाच आहे ते कळवावे’ एवढे एक वाक्य लिहावे. एका डब्यात एचडीएमआयवरून व्हीजीएचा आणि यूएसबी-सीवरून एचडीएमआयचा असे दोन कन्व्हर्टर व आवाजाची एक तार ठेवावी, डब्यावर संस्थेचे नाव रंगवावे (नाहीतर तो पुढच्या कार्यक्रमाला सापडत नाही), आणि श्रोते येण्यापूर्वी अर्धा तास वक्त्याचाच लॅपटॉप जोडून पाहावा. तो शिलालेखांचा कार्यक्रम पुढील महिन्यात पुन्हा घ्यावा असे मी संबंधित संस्थेला लेखी सुचवले असून, डबा माझ्याकडून देण्याचे कबूल केले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक