पासवर्ड परक्या क्लाउडवर नेणाऱ्या मेल ॲपना सरकारी मेल सर्व्हरवर मज्जाव करा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्यातील सार्वजनिक संस्थांच्या मेल सर्व्हरवर, पासवर्ड स्वतःच्या क्लाउडवर नेणाऱ्या त्रयस्थ ॲपना लॉगिन नाकारण्याबाबत.

महोदय,

मी सोलापुरात राहतो आणि इथल्या लहान-मध्यम संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींतील टॉवेल-चादरींचे कारखानदार, एखादी पतसंस्था, एखादे महाविद्यालय असे माझे ग्राहक आहेत. आपल्याकडे मागणी एकच आहे. राज्याच्या निधीतून चालणारा मेल सर्व्हर महापालिकेचा असो, जिल्हा परिषदेचा असो, विद्यापीठाचा किंवा शासकीय रुग्णालयाचा असो. वापरकर्त्याचा पासवर्ड स्वतःच्या क्लाउडवर साठवून त्याच्या नावाने आत येणाऱ्या ॲपना त्याने दार उघडता कामा नये, आणि ही मनाई सर्व्हरच्या रचनेतच बसवलेली असावी. केवळ परिपत्रक काढून हे काम होणार नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

फोनवर मेल वाचण्यासाठी मिळणारी ॲप दोन प्रकारची असतात आणि वापरणाऱ्याला ती सारखीच दिसतात. पहिल्या प्रकारचे ॲप पासवर्ड फोनमध्येच ठेवते आणि थेट संस्थेच्या सर्व्हरशी जोडले जाते. दुसऱ्या प्रकारचे ॲप आपण भरलेला पासवर्ड आपल्या कंपनीकडे पाठवते, आणि त्यानंतर मेल आणायला फोन येतच नाही, कंपनीचा सर्व्हर येतो. तो वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन करतो, मेल स्वतःकडे उतरवून घेतो आणि मग फोनवर दाखवतो. दोन्ही टप्प्यांवर जोडणी कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असते, त्यामुळे सुरक्षिततेची तपासणी केली तरी सर्व काही ठीक दिसते. मधल्या मुक्कामात मात्र मजकूर उघडाच असतो. माल पोचवायला बोलावलेल्या टेम्पोवाल्याकडे गोदामाची किल्लीच कायमची देऊन ठेवावी, असा हा व्यवहार आहे. त्यात भर म्हणजे आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीत साध्या पासवर्डने अर्धवट परवानगी देता येत नाही. पासवर्ड मिळाला की सगळी मेलपेटी वाचता येते, हलवता येते, पुसताही येते, आणि बहुतेक ठिकाणी त्याच पासवर्डने त्या व्यक्तीच्या नावाने मेल पाठवताही येतो.

या कंपन्या सरसकट चोर आहेत असे मी म्हणणार नाही. आयफोनवर बाहेरच्या ॲपला पार्श्वभूमीत सर्व्हरशी जोडणी सतत चालू ठेवू दिली जात नाही, म्हणून मेल आल्याबरोबर सूचना द्यायची तर मध्ये स्वतःचा सर्व्हर बसवणे हा सोपा मार्ग ठरतो. कारण तांत्रिक आहे, हे मान्य. परंतु सूचना दोन मिनिटे लवकर मिळावी यासाठी एखाद्या रुग्णालयाचा पत्रव्यवहार परक्या देशातील क्लाउडवर ठेवायचा का, हा निर्णय कर्मचाऱ्याने फोनवर ‘मान्य आहे’ दाबून घ्यावा असा नाही.

हा प्रकार सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आत आले याच्या नोंदींत, स्पष्ट दिसतो. प्रत्येक लॉगिनसोबत ते कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकावरून) झाले याची नोंद होते, आणि सोलापुरात बसून मेल वाचणाऱ्या माणसाचा पत्ता साधारणपणे देशातील एखाद्या मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीचा असतो. इथल्या एका संस्थेत लेखा विभागातील कर्मचाऱ्याने जुन्या फोनवरचे असे ॲप काढून टाकले आणि विषय संपला असे धरले. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र परदेशातील एका डेटा सेंटरमधून त्याच्या नावाने लॉगिन होतच राहिले, रात्री, रविवारी, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही. फोनवरून ॲप गेले म्हणजे कंपनीकडचे खाते आणि पासवर्ड गेला असे होत नाही, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. त्या मेलपेटीत खरेदीदारांचे दर, प्रोफॉर्मा इनव्हॉइस आणि बँकेचे तपशील होते. निर्यातदाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल पाठवून पैसे वळवणाऱ्या टोळ्यांना नेमकी हीच सामग्री लागते.

मेलमधून निघणाऱ्या माहितीचा व्यापार होतो, हेही आता उघड आहे. नको असलेली जाहिरात-पत्रे बंद करून देणाऱ्या ‘अनरोल मी’ या सेवेने वापरकर्त्यांच्या मेलमधील ‘लिफ्ट’ या टॅक्सी-ॲपच्या प्रवासाच्या पावत्यांची माहिती, नावे काढून, ‘उबर’ला विकल्याचे २०१७ मध्ये बाहेर आले आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या सेवेवर कारवाई केली. वापरकर्त्यांनी परवानगी स्वतःच दिलेली होती. स्वतःच्या मेलपुरती ती देण्याचा हक्क त्यांना होता. सरकारी लिपिकाला नागरिकांच्या अर्जांबाबत तसा हक्क नाही.

सर्व्हरवरच मज्जाव करण्याचा मार्ग नवा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या सुरुवातीला फोनसाठीचे नवे आउटलुक ॲप आणले, तेव्हा ते पासवर्ड आपल्या क्लाउडवर ठेवते हे लक्षात येताच युरोपीय संसदेच्या तंत्रज्ञान विभागाने काही दिवसांतच त्याचा प्रवेश रोखला आणि ज्यांनी ते बसवले होते त्या सदस्यांना पासवर्ड बदलायला सांगितले. पुढे २०२३ मध्ये विंडोजवरच्या नव्या आउटलुकबद्दल जर्मनीत पुन्हा हाच आक्षेप उभा राहिला. कंपनी किती मोठी आहे यावर हा प्रश्न अवलंबून नसतो, म्हणून मनाई कंपनीचे नाव घेऊन न करता पद्धतीवर करावी.

आपल्या देशातही नियम आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ई-मेल धोरणात, कर्मचाऱ्यांनी शासकीय मेल अन्य सेवेवर पीओपी (मेल उतरवून घेण्याची दुसरी पद्धत) किंवा आयमॅपने जोडू नये आणि आपला पासवर्ड खासगी मेल सेवांना देऊ नये, असे स्पष्ट लिहिले होते. पण अशा नियमाचा सगळा भार वापरकर्त्यावर पडतो. तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्याने कोणते ॲप पासवर्ड कुठे नेते हे कसे ओळखावे? ॲपच्या दुकानात तसे ठळक लिहिलेले नसते. ते मला लॉग पाहून कळते, आणि लॉग त्याच्यासमोर नसतो. जे सर्व्हरला दिसते ते सर्व्हरनेच अडवावे, हे एवढे साधे आहे.

कसे अडवावे याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्धवट उपाय केल्याने त्रासच वाढतो. पुष्कळ प्रशासक आधी आयपी पत्त्यांची यादी बंद करतात. उपाय चालतो, पण क्लाउडचे पत्ते बदलत राहतात, शिवाय घाईत सगळी पोर्ट (सर्व्हरची क्रमांक असलेली दारे) बंद केली तर बाहेरून २५ क्रमांकाच्या पोर्टवर येणारा खरा मेलही अडतो आणि दुबईच्या खरेदीदाराचे पत्र पोचत नाही. बंदी वाचण्याच्या आणि पाठवण्याच्या पोर्टपुरतीच, म्हणजे ११०, १४३, ९९३, ९९५, ४६५ आणि ५८७ यांपुरती हवी. ॲप स्वतःचे जे नाव सांगते त्यावरून अडवण्याची सोयही असते. पण नाव खोटे सांगता येते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. पक्का उपाय म्हणजे मेलचे दार थेट इंटरनेटवर उघडे न ठेवता व्हीपीएनच्या (संस्थेच्या खासगी, सुरक्षित जोडणीच्या) आत ठेवणे, किंवा प्रत्येक फोनला वेगळे क्लायंट प्रमाणपत्र (फोनचे डिजिटल ओळखपत्र) देणे, ज्याची गुप्त किल्ली त्या फोनमधून बाहेर काढता येत नाही. मधल्या कंपनीकडे पासवर्ड असला तरी मग तिला आत येता येत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान बाहेरून वेबमेलच द्यावा आणि त्यावर टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी ओळखही तपासणे) बंधनकारक करावे.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. बंदी घातल्यावर संबंधितांचे पासवर्ड त्याच दिवशी बदलले नाहीत, तर ते त्या क्लाउडवर तसेच पडून राहतात. आणि पासवर्ड बदलल्यावर ते ॲप जुन्या पासवर्डने प्रयत्न करत राहते, त्यामुळे चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते गोठवणारा नियम असेल तर बिचाऱ्या कर्मचाऱ्याचेच खाते बंद पडते. तो नियम खात्यावर न लावता आयपी पत्त्यावर लावावा. मेल आपोआप खासगी जीमेलकडे वळवण्याची सोयही सोबतच बंद करावी, नाहीतर अडलेले लोक तोच रस्ता धरतील.

अधिकारी फिरतीवर असतात, त्यांची गैरसोय होईल, हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर आहे : थेट जोडणारी ॲप विनामूल्य उपलब्ध आहेत. के-नाइन मेलवर आधारलेले थंडरबर्ड २०२४ पासून अँड्रॉइडवर मिळते, फेअरईमेल त्याआधीपासून आहे. शासनाने चाचणी घेऊन अशा ॲपची छोटी यादी जाहीर करावी. यादीशिवाय बंदी आली, तर ती मोडण्याच्या युक्त्या आठवड्याभरात कार्यालयात फिरू लागतील, हे मी अनुभवाने सांगतो.

कायद्याच्या बाजूनेही हे टाळता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिनेच वाजवी सुरक्षा ठेवायची आहे आणि त्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संस्थेने ज्या कंपनीशी कधी करारच केला नाही, तिच्याकडे नागरिकांचा पत्रव्यवहार कसा गेला, याचे उत्तर त्या संस्थेला द्यावे लागेल. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचेच आहेत. म्हणजे आज कोणकोणत्या मेलपेट्या बाहेरून उघडल्या जात आहेत हे शोधण्याची सामग्री संस्थांकडे असायला हवी. ती कोणी उघडून पाहत नाही, एवढेच.

तरी विनंती अशी की, आपल्या विभागाने राज्यातील सार्वजनिक संस्थांना आपल्या मेल सर्व्हरचे लॉग या दृष्टीने तपासून लेखी अहवाल देण्यास सांगावे. यापुढे मेल सेवेच्या प्रत्येक निविदेत वर सांगितलेली मनाई, तिची चाचणी आणि ठेकेदाराची जबाबदारी या अटी घालाव्यात. आणि ज्या नगरपरिषदांकडे स्वतःचा तंत्रज्ञ नाही, त्यांच्यासाठी जिल्हास्तरावर एक माणूस नेमावा. सुरुवात सोलापूर जिल्ह्यातून करायची असल्यास, संबंधित संस्थांच्या परवानगीने लॉग कसे वाचायचे हे त्यांच्या कर्मचाऱ्यांना दाखवण्यास मी कोणताही मोबदला न घेता तयार आहे.

आपला विश्वासू,
एक मेल सर्व्हर प्रशासक,
सोलापूर.