‘असं होणार नाही’ म्हणालात, त्याबद्दल

वायरमनकाका,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला बोलावलं होतं अर्ध्या तासाच्या कामाला. खालच्या बाथरूममध्ये आईसाठी दुसरा इलेक्ट्रिक शॉवर बसवायचा होता. शॉवर आणून ठेवलेला, आणि माझ्या मते वायरही जागेवरच होती. वरच्या शॉवरची वायर त्याच भिंतीतून जाते, तिच्यातून एक फाटा काढला की झालं! तुम्ही खोक्यावरचा आकडा वाचलात, बोर्ड उघडून पाहिलात आणि म्हणालात, “असं होणार नाही.”

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. आधी ज्याला विचारलं तो ‘करून टाकू’ म्हणाला होता. तुम्हाला त्याच्यापेक्षा कमी येतं की काय, असंही मनात येऊन गेलं. हे पत्र बरंचसं त्याची भरपाई म्हणून.

शॉवरच्याच खोक्यावर तुम्ही पेन्सिलीने हिशेब मांडलात. साडेआठ किलोवॉट, म्हणजे ८,५०० भागिले २३० व्होल्ट, जवळपास ३७ अँपिअर. हे एका शॉवरचे. सकाळी दोन्ही एकदम लागले तर ७४. आणि घराचा मेन फ्यूज ६३चा. त्यात फ्रिज, इस्त्री, दिवे अजून धरलेच नव्हते. मी म्हणालो, “गीझरही गरम पाणीच देतो की, तो कुठे एवढं खातो?” त्यावर तुम्ही समजावलंत की गीझर २ किलोवॉटवर सावकाश तापवतो आणि साठवून ठेवतो. शॉवरला साठवायला जागाच नाही, नळातून आलेलं पाणी जाता जाता तापवायचं. पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साडेआठ किलोवॉट खर्चूनही मिनिटाला पाचेक लिटरच मिळतं. थंडीत आमची धार बारीक का होते ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी जाळी घासत बसलो होतो.

“मग एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) मोठा टाका,” हेही माझंच. तुम्ही हसला नाहीत, हे विशेष. एमसीबी वायरला सांभाळायला असतो. भिंतीतली वायर तेवढीच ठेवून नुसता एमसीबी वाढवला, तर तो पडायच्या आधी वायर तापणार, आणि तीही भिंतीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी. शिवाय आकड्यापेक्षा थोडा जास्त करंट गेला तर एमसीबी तास तासभर पडत नाही, हे मला नवीन होतं. पडला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी माझी पक्की समजूत.

पण खरं कृतज्ञ आहे तो वरच्या शॉवरच्या स्विचबद्दल. ते तुमचं काम नव्हतं, तरी “उघडून बघू” म्हणालात. मेन बंद केलात. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तपासलात, मग स्विचच्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू लाइनवर; मधल्या मध्ये टेस्टरच बिघडला नाही ना, याची खात्री म्हणून. मग झाकण काढलंत. न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, वायरचं आवरण बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. स्क्रू अर्धा फेरा फिरला, इतका सैल. बाथरूममध्ये मधूनमधून माशासारखा वास यायचा आणि आम्ही ड्रेनेजला दोष देत होतो! सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी रेझिस्टन्स आला, तरी ३७ अँपिअरला तिथे १४ वॉट उष्णता होते, असं तुम्ही सांगितलंत. लहान सोल्डरिंग आयर्न रोज सकाळी भिंतीत खुपसून ठेवावी, तसंच ते.

पुढचं काम तुम्ही दोन दिवसांत उरकलंत. दोन्ही शॉवरना स्वतंत्र १० चौरस मिलिमीटरची केबल, प्रत्येकाला आपला डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा), दोन्हींवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या अंगाच्या माणसातून जाणारा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो, तो आरसीसीबीच पकडतो, हे तुम्ही आईलासुद्धा समजावलंत आणि ‘टेस्ट’चं बटण तिच्याकडूनच दाबून घेतलंत. मेगर, म्हणजे वायरचं आवरण तपासायचं यंत्र, लावण्याआधी शॉवर सोडवून ठेवलेत. पहिल्यांदा चालू करताना आधी नुसतं गार पाणी वाहू दिलंत, एलिमेंट कोरडं जळू नये म्हणून. आणि दोघांच्या मध्ये ते प्रायॉरिटी युनिट: एका वेळी एकाच शॉवरला वीज.

कुणाला आधी द्यायची, हे तुम्ही विचारलंत तेव्हा मी तत्परतेने ‘आईला’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, “मग तुमच्या तोंडाला साबण असताना त्यांनी शॉवर लावला तर तुमचं पाणी गार होईल. चालेल?” मातृभक्ती तिथेच थांबली. जो आधी लावेल त्याचा, असं ठरलं.

आता रोज सकाळी मी वरचा शॉवर लावतो आणि त्याचा दिवा लागत नाही. आई माझ्याआधी उठते. टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहतो तेव्हा रोज तुमची आठवण येते. पहिले चार दिवस ती फारशी आदराची नव्हती, तेवढी माफी असावी. जळका स्विच मात्र फेकलेला नाही. ‘करून टाकू’वाल्याला दाखवायचा आहे.

तुमचा,
वरच्या बाथरूमवाला