वेबसाइटच्या मजकुराला वळण लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणारे, आणि शहापूर, खडेबाजारचे दुकानदार मिळून हे पत्र लिहितोय. वेबसाइटवर कुठल्या शैलीत लिहायचं, हे तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघून ठरवायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

फाउंड्रीच्या पानावरून ‘अग्रगण्य’, ‘दर्जेदार’, ‘विश्वासार्ह’ हे शब्द तुम्ही सगळ्यात आधी पुसलेत. ते पान वाचतो कंपनीतला खरेदी अधिकारी. हातात ड्रॉइंग, समोर चार पुरवठादारांची पानं उघडी. विशेषणं चौघांचीही सारखीच, मग तो ताडून बघणार काय? म्हणून तिथं कोरडी, तांत्रिक शैली: आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे बिडाच्या एफजी २०० आणि एफजी २६० या प्रती, एसजी आयर्न या चिवट बिडात ५००/७ ही प्रत, एका नगाचं कमीत कमी नि जास्तीत जास्त वजन, मोल्डिंग ग्रीन सँड (ओल्या वाळूचा साचा) की नो-बेक (रसायनानं घट्ट होणाऱ्या वाळूचा), मशिनिंग इथंच की बाहेरून, ज्यावरून साचा करतात तो पॅटर्न हातात आल्यावर नमुना किती दिवसांत. बटणावरचं ‘अधिक जाणून घ्या’ जाऊन ‘ड्रॉइंग पाठवा, दर मागवा’ आलं. आणि ‘कास्टिंग’ला ‘ओतीव काम’ करू दिलं नाहीत, हे फार बरं झालं. तो शब्द शोधतंय कोण?

कुंदा या आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईच्या पानाला हीच शैली लावली असती तर पान मेलंच असतं. तिथं आटत्या दुधाचा बदामी रंग, रवाळपणा यावर दोन-तीन वाक्यं हवीतच. पण लगेच खाली अर्ध्या किलोचा भाव, बाहेर किती दिवस टिकतो, फ्रीजमध्ये किती, कुरिअर कुठवर जातं. भाव झाकला की फोन वाढतील, असा आपल्याकडं समज आहे. बरेच लोक विचारत बसत नाहीत, दुसरं दुकान बघतात.

साडीला सहावारी की नऊवारी, कापड, काठ, ब्लाउजपीस, एवढं नेमकं पुरलं. आजोबांनी दुकान कसं उभं केलं ती हकीकत ‘आमच्याविषयी’त गेली. पहिल्या पानावर ती फोन नंबरला मोबाइलच्या स्क्रीनखाली ढकलत होती.

भाषेचा पेच आपल्या भागात मोठा. मराठी मजकूर मशीनमधून कन्नडात काढायचा नाही; तीच माहिती हाती देऊन कन्नड माणसाकडून नव्यानं लिहून घ्यायची, प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्यायचा, पान कुठल्या भाषेतलं आहे हे गूगलला सांगणारा एचरेफलँग टॅग पानांना लावायचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, पण मराठी माणूस टाइप करतो बेळगाव. दोन्ही नावं सहज वाक्यात एकदा-एकदा आली की पुरे. ओळीओळीत कोंबली तर वाचणारा वैतागतो आणि गूगल तो मजकूर स्पॅममध्ये धरतं. पानाचं शीर्षक साधारण ६० अक्षरांत बसवा, गावाचं नाव शेवटी ढकलू नका, कारण गूगल अक्षरं न मोजता रुंदी बघून कापतं, हेही तुमच्यामुळंच ध्यानात राहिलं.

तुमचे चार प्रश्न — कोण वाचतंय, काय ताडून बघणार, कुठं बिचकणार, पुढं काय करणार — कागदावर उतरवून निपाणी नि खानापूरच्या व्यापाऱ्यांना देतोय. तुमची हरकत नसावी.

आपले,
उद्यमबाग, शहापूर व खडेबाजारचे व्यावसायिक